घरी अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची देखभाल नीट होते आहे का, हे कसं तपासायचं?

पाऊसपाणी

आई ७९ वर्षांची, नाशिकला असते. पक्षाघाताने डावी बाजू गेली आहे, जोडीला मधुमेह. हॉस्पिटलमधून सोडलं तेव्हा वजन ५८ किलो होतं. बहुतेक वेळ अंथरुणातच. आधार दिला तर थोडा वेळ खुर्चीत बसते. बोलते, पण कमी आणि सावकाश. उजवा हात चांगला चालतो. डायपर आहे, कॅथेटर किंवा नाकातली नळी नाही, तोंडाने जेवते. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ, ते बाबा देतात. एअर बेड (पंपाने हवा भरलेली राहणारी गादी) घेतलेला आहे.

ब्युरोकडून (घरी देखभालीला बायका पाठवणारी एजन्सी) दोन मावशी येतात, सकाळी ८ ते रात्री ८ आणि रात्री ८ ते सकाळी ८. रविवारी बदली मावशी. घरात बाबा आहेत, वय ८३. मी बंगळूरला असतो, महिन्यातून एकदा शनिवार-रविवार जमतो.

सध्या मी एवढंच बघतो: खोलीला वास येत नाही ना, चादर स्वच्छ आहे ना, केस विंचरलेत ना, व्हिडिओ कॉलवर आई बरी दिसते ना. एवढ्यावर "सगळं ठीक आहे" म्हणायला मन घेत नाही. मावशींवर संशय नाही, त्या प्रेमाने वागतात. पण प्रेमाने वागणं आणि काम नीट होणं या दोन गोष्टी तपासायच्या तर नेमकं काय बघायचं? वहीत नोंदी ठेवायला सांगितल्या तर उपयोग होतो का? कॅमेरा लावावा का? आणि मावशींना न दुखावता हे कसं करायचं?

कोरफड

चादर आणि वास बघणं चूक नाही, पण कोणी येणार म्हटल्यावर तेवढं दहा मिनिटांत नीट करता येतं. अंगावरच्या खुणा दहा मिनिटांत बदलत नाहीत, म्हणून सुरुवात तिथून करा.

आधी एक अडचण. तुम्ही मुलगा आहात, आईला संकोच वाटणार. तिला विचारा. नको म्हणाली तर बहीण, पत्नी किंवा जवळची कोणी बाई स्पंजिंगच्या (ओल्या कपड्याने अंग पुसण्याच्या) वेळी सोबत थांबू दे. तेही जमत नसेल तर महिन्यातून एकदा नर्सची व्हिजिट लावा आणि तिच्याकडून पाठीपासून टाचेपर्यंत सगळं लिहून घ्या.

हाडावरच्या जागा: माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, घोट्यांची बाहेरची बाजू, खांद्याची पाती, कोपरं, डोक्याची मागची बाजू, कानाच्या पाळ्या. लाली दिसली तर बोटाने तीन सेकंद दाबून सोडा. क्षणभर फिकी पडून पुन्हा लाल झाली तर कूस बदलून अर्ध्या तासाने परत बघा. बहुधा गेलेली असते. दाबूनही लालच राहिली तर ती बेडसोअरची (सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची) पहिली पायरी आहे. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही. तिथे तळहाताची मागची बाजू लावून आजूबाजूपेक्षा ती जागा गरम आहे का, घट्ट किंवा मऊ लागते का, रंग जांभळट-काळसर आहे का, हे बघा.

डायपरच्या जागेची लाली वेगळी असते. ती पसरट, दोन्ही बाजूंना सारखी, घडीत जास्त आणि चुरचुरणारी. ही ओलाव्याने होते. दाबाने होणारी हाडावर असते आणि तिची कड स्पष्ट असते. हा फरक महत्त्वाचा, कारण पहिलीवर उपाय डायपर वेळेवर बदलणं आणि झिंक ऑक्साइडच्या क्रीमचा पातळ थर. दुसरीवर उपाय कूस बदलणं. क्रीम लावून दाबाची जखम थांबत नाही.

घड्या: स्तनांखाली, जांघेत, पोटाच्या वळीखाली, पायाच्या बोटांमध्ये. तिथे पांढुरक्या पावडरीचे गोळे सापडले तर समजा की पुसून कोरडं न करता वरून पावडर मारली आहे. ओली घडी आणि पावडर एकत्र आली की बुरशी होतेच.

आणि आता ती जागा, जी बहुतेक घरांत राहून जाते: डाव्या हाताची मूठ. पक्षाघाताने हात आखडला की बोटं तळव्यात रुततात. मूठ एक-एक बोट सोडवत हळूहळू उघडा. आतली कातडी ओली, पांढरट, भिजून सुरकुतलेली असेल, आंबूस वास येत असेल, तळव्यावर नखांचे वण असतील, तर स्पंजिंग वरवरचं चाललं आहे. तळवा रोज कोमट पाण्याने धुवायचा, कोरडा करायचा, नखं कापलेली ठेवायची आणि मुठीत मऊ नॅपकिनची गुंडाळी ठेवायची. हा तळवा स्वच्छ असेल तर बाकी अंगाची काळजीही बहुधा नीट घेतली जात असते.

तोंड: टॉर्च घ्या आणि चमच्याने डावा गाल बाजूला करा. पक्षाघाताच्या बाजूला घास साठून राहतो, पेशंटला कळत नाही. दुपारी तीन वाजता सकाळच्या पोळीचा तुकडा तिथे सापडला तर जेवणानंतर तोंड बघितलं जात नाही, हे नक्की. तोच तुकडा झोपेत श्वासनलिकेत जाऊ शकतो. जिभेवर पांढरा साका पुसूनही निघत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. कवळी असेल तर रात्री काढून पाण्यात ठेवायची. दात असोत वा नसोत, दिवसातून दोनदा तोंड साफ व्हायलाच हवं.

वजन: काट्यावर उभं करता येत नाही म्हणून बहुतेक लोक सोडून देतात. शिवणकामाची टेप घ्या, उजव्या पोटरीचा सगळ्यात जाड भाग मोजा, आकडा तारखेसह लिहा आणि दर १५ दिवसांनी त्याच जागी मोजा. ३१ सेंमीपेक्षा कमी भरलं किंवा सतत उतरत गेलं तर पोषण कमी पडतंय. पायाला सूज असेल तर हा आकडा फसवतो, ते ध्यानात ठेवा.

लघवी: कोरडा डायपर किचनच्या काट्यावर मोजा, ओला झाल्यावर परत मोजा. एक ग्रॅम म्हणजे एक मिली धरायचं. रोज नको, महिन्यातून एक दिवस पुरे. २४ तासांत ५०० मिलीच्या खाली जात असेल तर पाणी कमी पडतंय किंवा दुसरं काही आहे, डॉक्टरांना सांगा. डायपर कमी वेळा बदलावा लागावा म्हणून संध्याकाळनंतर पाणीच न देणं, हे अनेक घरांत होतं, आणि कधी घरचेच तसं सांगतात. मग लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ आणि अचानक बडबड किंवा ग्लानी हे क्रमाने येतं. तीन दिवस शौचाला झालं नाही तर लगेच कळवायचं, हे मावशींना सांगून ठेवा.

काळेनिळे डाग: रक्त पातळ करणारी गोळी असल्याने हातांवर, सुईच्या जागी डाग पडतात, प्रत्येक डागावरून संशय घेऊ नका. दंडाच्या आतल्या बाजूला बोटांच्या आकाराचे, मनगटाभोवती किंवा दोन्ही हातांवर सारखे डाग असतील तर मात्र कसे झाले ते विचारा, फोटो काढा, तारीख टाका.

लंबक

कोरफड यांनी परिणाम कसे बघायचे ते सांगितलं. मी कामाच्या पद्धतीबद्दल लिहितो. आरोग्यसेवेचा दर्जा तपासताना रचना, प्रक्रिया आणि परिणाम असे तीन भाग करतात. अ‍ॅव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही हॉस्पिटलांत वापरतात. घरीही चालते. परिणाम उशिरा दिसतात. कातडीखाली खोलवर इजा झाली तर वर रंग दिसायला दोन-तीन दिवस जातात. म्हणजे मंगळवारी दिसलेला जांभळा डाग रविवारच्या बदली मावशीच्या पाळीतला असू शकतो. डाग दिसला त्या दिवशी ड्युटीवर असलेल्या बाईला बोल लावला तर चांगली मावशी घालवून बसाल.

वहीबद्दल. ठेवा, पण जे तुम्ही खरंच वाचणार तेवढंच लिहायला सांगा. एका दिवसाला एक आखीव पान: वेळ, कूस (डावी, उजवी की पाठ), डायपर (ओला की शी), पाणी किती मिली, जेवण पाव-अर्धं-पूर्ण, कातडीवर काही दिसलं का. मोबाईलवर फॉर्म वगैरे नको, पलंगाच्या पायथ्याशी पॅड आणि दोरीने बांधलेलं पेन बरं.

खोटी नोंद ओळखता येते. ८, १०, १२, २, ४ अशा गोल वेळा, सगळी अक्षरं एकाच ओघात, आणि शेवटी रात्रभराच्या सगळ्या नोंदी पहाटे बसून लिहिल्यासारख्या. खऱ्या नोंदीत २:२०, ४:४५ अशा वेळा असतात, एखादी ओळ राहिलेली असते, "आई झोपल्या होत्या म्हणून बदलली नाही" असं लिहिलेलं असतं. असं लिहिणाऱ्या बाईला कधीही रागावू नका, नाहीतर पुढच्या आठवड्यापासून गोल वेळा सुरू होतील.

वहीपेक्षा भरवशाचा हिशेब सामानाचा. दिवसाला ४ ते ५ डायपर धरले तर १० चं पाकीट दोन ते अडीच दिवस जाईल. चार दिवस पुरलं तर एकेक डायपर सहा तासांच्या वर राहतोय, किंवा दिवसा कपडा वापरतायत. उलट एका रात्रीत चार संपले तर जुलाब आहेत का बघा. ग्लोव्हजचा १०० चा बॉक्स, क्रीमची ट्यूब, अंडरपॅड, सगळ्यांवर उघडल्याची तारीख मार्करने टाका. झोपेच्या गोळ्यांची पट्टी चालू असेल तर गोळ्या मोजत जा. रात्र शांत जावी म्हणून जास्त गोळी दिली जाण्याचा धोका खरा आहे.

फोन कधी करायचा? रोज संध्याकाळी सातला केलात तर सातला आई तयारच दिसणार. कधी सकाळी साडेसहा, कधी दुपारी तीन. मुख्य म्हणजे पाळी बदलण्याची वेळ बघा. सर्वात जास्त गोष्टी तिथे निसटतात: साडेसातचा ओला डायपर "आता ती येईलच" म्हणून राहतो, नवीन आलेली चहा घेऊन नऊला हात लावते. दोन्ही मावशींनी मिळून पाच मिनिटं पेशंटला कुशीवर करून पाठ-टाचा बघायच्या आणि दोघींनी वहीत सही करायची, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा. यात कोणाच्या पाळीत काय झालं हा वादही मिटतो.

बेडसोअरचा धोका मोजणारे नॉर्टन स्केल (१९६२) आणि ब्रेडन स्केल (१९८७), तसंच पेशंट रोजची कामं स्वतः किती करतो ते मोजणारा बार्थेल इंडेक्स (१९६५) ही नावं इंटरनेटवर सापडतील. नॉर्टनमध्ये पाच गोष्टींना १ ते ४ गुण देतात आणि १४ किंवा खाली आलं की बेडसोअरचा धोका धरतात. पण ते धोका सांगतं, देखभाल चांगली की वाईट ते सांगत नाही. तुमच्या आईचा धोका मोठाच आहे, त्यासाठी फॉर्म भरण्यात वेळ घालवू नका.

पाऊसपाणी

दोघांचे आभार. काल मामेबहीण गेली होती, तिने बघितलं. पाठ चांगली आहे. डाव्या टाचेवर नाण्याएवढी लाली, दाबून जात नाही. टाचेखाली पाणी भरलेला ग्लोव्ह ठेवलेला होता. मूठ तुम्ही वर्णन केलीत तशीच निघाली. रात्री दोन डायपर एकावर एक घालतात, कारण बाबांनीच सांगितलंय की तिला रात्री उठवू नका. आणि एअर बेडवर रबर शीट, त्यावर जाड गोधडी, त्यावर चादर.

कोरफड

टाचेचं आज करा. पाण्याचा ग्लोव्ह काढा. तो टाचेवरचा दाब कमी करत नाही, उलट एका बिंदूवर आणतो आणि फुटला तर ओलं होतं. मऊ उशी पोटरीखाली लांबीने ठेवा, गुडघा किंचित वाकलेला, टाच पलंगाच्या वर हवेत. टाच आणि चादर यांतून वहीचं पान सहज आरपार गेलं पाहिजे. उजव्या टाचेलाही तसंच. लाल जागेवर चोळणं, स्पिरिट, हळद काही नाही. मधुमेह आहे म्हणून टाचेचा फोटो नाण्यासोबत काढून डॉक्टरांना पाठवा, रोज एक. फोड आला, काळी पडली किंवा पाणी आलं तर वाट बघायची नाही.

एअर बेडवरची गोधडी काढा. त्या तीन थरांनी बेडचा उपयोग संपतो. एक सैल सुती चादर आणि कमरेखाली एक अंडरपॅड, बस. मग तळहात वर करून गादीखाली माकडहाडाच्या जागी घाला. वरून शरीर हाताला टेकलेलं जाणवलं तर हवा कमी आहे. निदान एक इंच हवेचा थर जाणवायला हवा. पंपाचा नॉब वजनाप्रमाणे लावायचा असतो, मऊ वाटावं म्हणून कमी करून ठेवतात. वीज गेली की बऱ्याच पंपांची हवा उतरते, इन्व्हर्टरवर जोडलाय का तेही बघा.

दोन डायपर बंद. आतला भिजला की ओलावा कातडीलाच लागून राहतो, वरच्याचा उपयोग फक्त चादर वाचवायला.

बाबांचं म्हणणंही चूक नाही, झोप हवीच. यातून वाट आहे. उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस (NICE) या संस्थेच्या २०१४ च्या सूचनांत जास्त धोका असलेल्या प्रौढांसाठी निदान दर चार तासांनी स्थिती बदला असं म्हटलंय. आपल्याकडे हॉस्पिटलांत दर दोन तास सांगतात. दिवसा दोन तास, रात्री ११, ३ आणि ७ असं धरा. त्याच वेळी डायपर बघायचा, म्हणजे उठवणं एकदाच. पूर्ण कुशीवर नको, पाठीमागे उशी देऊन ३० अंश तिरकं, म्हणजे खुब्यावर भार येत नाही. हे वेळापत्रक सकाळी कातडी तपासून टिकवायचं. लाली दिसली की रात्रीचं अंतर कमी करायचं.

उंबरठा

फिजिओथेरपीच्या बाजूने दोन गोष्टी, कारण त्या अंगावर लगेच दिसत नाहीत.

खुर्चीत बसवताना मावशी कुठे धरतात ते बघा. काखेत हात घालून उचलत असतील किंवा डावा हात धरून ओढत असतील तर तिथेच थांबवा. पक्षाघाताच्या बाजूचा खांदा सैल झालेला असतो, ओढल्याने निखळतो आणि मग जन्मभर दुखतो. कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरायचा, पेशंटचे पाय जमिनीवर टेकलेले, खुर्ची उजव्या म्हणजे चांगल्या बाजूला, पुढे वाकवून उभं करायचं. पलंगावर वर सरकवताना दोघांनी आडवी चादर धरून उचलायचं. एकटीने ओढलं की कातडी गादीला घासून आतून फाटते. ५८ किलोच्या बाईला एकटीने उचलायला सांगणं मावशींच्या कमरेलाही घातक आहे. त्या वेळी शेजारून कोणी मदतीला येऊ शकतं का ते ठरवा. बाबांना यात घेऊ नका.

दुसरं, अति मदत. उजवा हात चालतो म्हणता, मग तोंड पुसणं, पेला धरणं, पोळीचा घास उचलणं हे आईने स्वतः करायला हवं. मावशी भरवतात कारण दहा मिनिटांत उरकतं, आई स्वतः जेवली तर पाऊण तास लागतो. घरचे म्हणतात किती काळजी घेते. चार-सहा महिन्यांत तो हातही कमी चालू लागतो. त्यामुळे "आई स्वतः काय-काय करते" याची यादी दरवाजामागे लावा आणि दर महिन्याला बघा. नवं आजारपण नसताना यादी लहान होत असेल तर देखभालीत उणीव आहे, जरी सगळं स्वच्छ असलं तरी.

डाव्या बाजूच्या पक्षाघातात काहींचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते आणि मावशींना वाटतं भूक नाही. ताट थोडं उजवीकडे सरकवा, अर्धं खाल्ल्यावर फिरवा. वहीत "अर्धं जेवल्या" रोज येत असेल तर आधी हे करून बघा.

भरवताना कंबरेतून ताठ बसलेली, हनुवटी किंचित खाली, घास लहान चमच्याचा, गिळल्याची खात्री करून पुढचा. घोटानंतर खोकला येत असेल किंवा आवाज ओला, घोगरा होत असेल तर स्पीच थेरपिस्टला (ते गिळणंही तपासतात) दाखवा. जेवणानंतर अर्धा-पाऊण तास आडवं करायचं नाही. आणि इन्सुलिन बाबा देतात, जेवण मावशी देतात. मध्ये अंतर पडलं तर साखर उतरते. दोघांचं घड्याळ एक करा: ताट समोर आल्यावरच सुई. रक्तातली साखर ७० (मिग्रॅ/डेसिलि) च्या खाली असेल आणि आई शुद्धीत असून गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी परत तपासणी. गुंगीत असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट हॉस्पिटल.

चाफा

आईला विचारण्याबद्दल कोणी लिहिलं नाही. तिचं बोलणं कमी आहे, पण आहे, आणि तिला सगळं समजतं असं दिसतंय.

"मावशी चांगल्या आहेत ना?" असं विचारू नका. उत्तर "हो" च येणार, कारण ज्या बाईवर पाण्याच्या घोटासाठी अवलंबून आहे तिच्याविरुद्ध कोण बोलेल? मावशी खोलीत नसताना हो-नाही मध्ये उत्तर देता येईल असं विचारा. काल रात्री तहान लागली होती का? मागितल्यावर पाणी मिळालं का? स्पंजिंगला पाणी गार असतं का? अंग पुसताना वर चादर असते का? दार लावतात का? डायपर बदलायला सांगितल्यावर वाट बघावी लागते का? कोणी ओरडलं का? फोनवरून विचारत बसलात तर उत्तर मिळणार नाही, तेव्हा हे प्रत्यक्ष भेटीतच. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाच्या बाबतीत चेहरा, कण्हणं, हात लावताच आखडणं किंवा मागे सरणं यावरून समजावं लागतं.

स्पंजिंग बघायला मिळालं तर मानाची बाजूही बघा. पंखा बंद, खिडकी लावलेली, अंगावर चादर आणि एका वेळी एकच भाग उघडा. पाणी कोपराने तपासलेलं. आधी डोळे साध्या पाण्याने, नाकाकडून बाहेर. मग चेहरा, हात, छाती, पोट, पाय, पाठ. खालचा भाग सर्वात शेवटी, वेगळ्या कपड्याने आणि बदललेल्या पाण्याने, पुढून मागे. मागून पुढे पुसलं तर लघवीचा संसर्ग ठरलेला. काय करतोय ते आईला सांगत केलं तर ते चांगलं काम. शेजारी कानाला फोन लावून केलं तर नाही.

कॅमेरा. मी लावू नका असं म्हणत नाही, पण त्याने कातडी दिसत नाही, तोंड दिसत नाही, पाणी गार की कोमट ते कळत नाही. मारहाण किंवा चोरीची शंका असेल तर उपयोग आहे. लावलात तर मावशींना आणि आईला आधी सांगून लावा. आईचं अंग पुसताना, डायपर बदलताना तो बंद किंवा झाकलेला हवा. ते चित्रण कोणाच्या फोनवर साठतंय याचा विचार करा. रात्रपाळीच्या मावशी कपडे बदलतात ती जागा टिपली गेली तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खालचा गुन्हा होऊ शकतो, घर तुमचं असलं तरी.

आणि घराने स्वतःलाही तपासावं. मावशींना बसायला खुर्ची आहे का, जेवायला अर्धा तास मिळतो का, रात्री टेकायला जागा आहे का, महिन्याला सुट्ट्या किती? पेशंटची भांडी-कपडे सोडून घरची भांडी, भाजी, पाहुण्यांचा चहा त्यांच्याकडे जातो का? मावशी ओट्याशी असतात तो वेळ आईची कूस बदलण्याच्या वेळातून गेलेला असतो. दोन पाळ्या तुम्ही ठेवल्यात ते चांगलं केलंत. एकाच बाईकडून चोवीस तास काम आणि वर रात्री तीनला कूस बदलण्याची अपेक्षा, हे कोणाकडूनच निभत नाही.

पाऊसपाणी

कूस, टाच, गादी, मूठ सगळं सुरू केलं. प्रश्न उरला तो सांगण्याचा. मूठ आणि गोधडीबद्दल दिवसपाळीच्या मावशींना बोललो तर त्या म्हणाल्या, "आम्हाला कोणी शिकवलंच नाही, आधीच्या घरी असंच होतं." ब्युरोला कळवावं का?

लंबक

त्या खरं बोलतायत. ब्युरोमधून येणाऱ्या बऱ्याच बायका कामावरच शिकलेल्या असतात. 'जनरल ड्युटी असिस्टंट' किंवा 'होम हेल्थ एड' असा कोर्स केलेली बाई मागता येते, पैसे थोडे जास्त जातात. पण कोर्स न केलेली, ऐकून घेणारी आणि सांगितलेलं करणारी बाई हातची घालवू नका. महिन्यातून येणाऱ्या नर्सची व्हिजिट पाळी बदलताना ठेवा, म्हणजे दोघींना एकत्र शिकवता येईल: ३० अंशाची कूस, टाचेची उशी, मूठ. एकदा दाखवायचं, मग त्यांच्याकडून करून घ्यायचं. बदली मावशी दर रविवारी तीच येते का विचारा. वेगवेगळी येत असेल तर आईच्या पलंगाचे चार फोटो (उशा कुठे, टाच कशी, मुठीत काय, बेडवर किती थर) छापून भिंतीवर लावा. लिहिलेल्या सूचनांपेक्षा फोटो पटकन कळतात.

ब्युरोला तक्रार म्हणून नको, मागणी म्हणून लिहा, व्हॉट्सअ‍ॅपवर, तारीख टाकून: रविवारची बाई ठरलेली असावी, बदलायची असल्यास एक दिवस आधी कळवावं, दोघींची ओळखपत्रं आणि पोलीस पडताळणीची प्रत द्यावी. इंजेक्शन, जखमेचं ड्रेसिंग, कॅथेटर, नळी ही कामं अटेंडंटची नाहीत, त्यासाठी नोंदणी असलेली नर्स लागते. ब्युरो "आमची बाई सगळं करते" म्हणत असेल तर सावध व्हा. पैसे घेऊन बाई पाठवत नाहीत, आगाऊ रक्कम परत देत नाहीत असं झालं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. वृद्धांशी वाईट वागणूक असेल तर एल्डरलाइन १४५६७, फोन मोफत आहे. हे दोन्ही नंबर बाबांच्या फोनमध्ये घालून ठेवा.

टाचेचा आजचा फोटो डॉक्टरांना गेला का?

पाऊसपाणी

गेला. लाली तेवढीच आहे, फोड नाही. टाच हवेतच ठेवायला आणि चार दिवसांनी परत फोटो पाठवायला सांगितलंय. रोजचा फोटो मात्र काढून ठेवतोय. पोटरी आज मोजली, ३० सेंमी. आहारतज्ज्ञांची वेळ घेतली आहे, तोवर ताट उजवीकडे सरकवून बघतोय.